ती परत पळेल का?

(स्त्री-आरोग्यावरच्या एका जिल्हा शिबिरात एका निवृत्त क्रीडाशिक्षिकेने केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक)

मी भाषण करणारी बाई नाही. एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, त्यामुळे आवाज तेवढा मोठा आहे. माइक नसता तरी चाललं असतं. तुम्ही मला ‘खेळ आणि बाईचं शरीर’ असा विषय दिलात. तो फार मोठा आहे. मी त्यातला एकच प्रश्न घेऊन आले आहे, कारण गेले तीन महिने तो माझी पाठ सोडत नाही.

आमच्या मैदानावर एक मुलगी होती. तिचं नाव मी सांगणार नाही. पंधराशे आणि तीन हजार मीटर पळायची. राज्य पातळीवर गेली. मग २०१९ च्या पावसाळ्यात तिच्या नडगीचं हाड तडकलं. विश्रांती झाली, पुन्हा सराव सुरू झाला. पुढे ती दुसऱ्या गावच्या ॲकॅडमीत गेली, कोच बदलला, आणि तिथं तेच हाड पुन्हा तडकलं. तेव्हा ती जी घरी आली ती बसलीच. तीन महिन्यांपूर्वी ती माझ्याकडे आली, आत यायच्या आधी उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, मी परत पळू शकेन का?’

मी म्हटलं, ‘पळशील की! न पळायला काय झालं?’

ती चहा घेऊन गेली. आणि मग माझ्या लक्षात आलं, की हे उत्तर मी एकतीस वर्षं तोंडपाठ असल्यासारखं देत आले आहे. त्याचा विचार मी कधी केलेलाच नाही. तो विचार करायला मला मदत झाली ती दूरदेशच्या एका मुलीची. तिच्याबद्दल आज बोलायचं आहे. तिचं नाव सांगायला हरकत नाही, कारण तिनं स्वतःच सगळ्या जगापुढे तोंड उघडलं. मेरी केन.

मेरीचा जन्म १९९६ चा. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ ब्राँक्सव्हिल नावाचं गाव आहे, तिथं ती वाढली. शाळेत असतानाच ती मोठमोठ्या बायकांच्या शर्यतींत पळायला लागली. २०१३ साली, सतरा वर्षांची असताना, तिनं आठशे मीटर १ मिनिट ५९.५१ सेकंदांत पार केले. अमेरिकेतली शाळकरी मुलगी दोन मिनिटांच्या आत येण्याची ती पहिली वेळ. त्याच वर्षी मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत ती पंधराशे मीटरच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. त्या स्पर्धेत अमेरिकेकडून उतरलेली तिच्याएवढी लहान खेळाडू आधी झाली नव्हती. पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, तीन हजार मीटरमध्ये ती ज्युनियर गटाची जगज्जेती झाली.

या काळात तिचा कोच होता अल्बर्टो सालाझार. साधा माणूस नव्हे. १९८० ते १९८२ अशी सलग तीन वर्षं न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकलेला. बुटांच्या नायकी कंपनीच्या पैशावर ओरेगॉन राज्यात चालणारा ‘नायकी ओरेगॉन प्रोजेक्ट’ त्याच्या हाताखाली होता. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या दहा हजार मीटरमधलं सुवर्ण आणि रौप्य दोन्ही त्याच्या पोरांनी आणलेलं. अशा माणसाचा फोन सोळा वर्षांच्या मुलीला आला तर कुठल्या घरातून ‘नको’ म्हणतील? आपल्याकडे तालुक्याच्या सरांनी मुलगी मागितली तरी आईबाप हात जोडतात. मेरी आधी घरी राहूनच त्याच्या सांगण्यानुसार सराव करायची. मग ती व्यावसायिक धावपटू झाली आणि २०१४ मध्ये देशाच्या दुसऱ्या टोकाला, पोर्टलंडला राहायला गेली.

आणि त्यानंतर तिचा वेग उतरला. २०१५ मध्ये ती गाशा गुंडाळून घरी परतली. जुन्या ओळखीच्या प्रशिक्षकाकडे पुन्हा सराव सुरू केला. २०१६ च्या ऑलिंपिक निवडचाचणीत ती अंतिम फेरीही गाठू शकली नाही. मग दुखापती, आणि मग नुसती शांतता.

तेव्हा पळण्याच्या दुनियेत सगळे विचारत होते, ‘मेरी केन परत येईल का?’ आणि उत्तरंही तयार होती. वयात आली, अंग भरलं, आता संपली. लहानपणी फार पळवली. कोच सोडायला नको होता. डोक्यानं कच्ची. मैत्रिणींनो, ही वाक्यं इंग्रजीत बोलली गेली असतील, पण तुम्हाला ओळखीची वाटतात की नाही? सगळी चर्चा तिच्या शरीराची आणि तिच्या मनाची. ते शरीर कुणाच्या ताब्यात होतं, हे कुणी विचारत नव्हतं.

ते मेरीनंच सांगितलं. ७ नोव्हेंबर २०१९ ला न्यूयॉर्क टाइम्सनं तिचं निवेदन व्हिडिओच्या रूपात प्रसिद्ध केलं. माझ्या भाचीनं मला ते मोबाईलवर दाखवलं, थांबवत थांबवत मराठीत सांगितलं. मेरीचं म्हणणं असं होतं. तिथं गेल्यावर तिला सांगण्यात आलं, वेगानं पळायचं तर अजून बारीक व्हायला हवं, अजून बारीक. ११४ पौंड, म्हणजे साधारण बावन्न किलो, हा आकडा तिच्यासाठी ठरवला गेला. सगळ्यांसमोर तिचं वजन केलं जायचं. वजन उतरावं म्हणून गर्भनिरोधक गोळ्या आणि लघवी जास्त व्हायच्या गोळ्या घे, असं सांगितलं गेलं. तीन वर्षं तिची पाळी आली नाही. पाच हाडं मोडली. मनात मरणाचे विचार यायला लागले, ती स्वतःच्या अंगावर वार करून घ्यायला लागली. आणि हे तिथल्या मोठ्या माणसांना सांगितलं तर त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. अखेर तिनं आईवडिलांना सांगितलं. ते म्हणाले, मिळेल त्या विमानानं घरी ये.

सालाझारनं हे आरोप नाकारले. आपण कधी कुणाला लागेल असं बोललो असू, पण कुणाच्या तब्येतीचं नुकसान व्हावं असं काही केलं नाही, असा त्याचा पवित्रा होता. ते नोंदवून ठेवू. मात्र तोवर उत्तेजक द्रव्यांच्या नियमभंगाबद्दल त्याच्यावर चार वर्षांची बंदी आलेली होती आणि ऑक्टोबर २०१९ मध्येच कंपनीनं तो प्रोजेक्ट बंद केला होता. खेळातल्या गैरवर्तनाची चौकशी करणाऱ्या तिथल्या संस्थेनं २०२१ मध्ये त्याला कायमची बंदी घातली आणि ती अपिलातही टिकली. मेरीनं २०२१ मध्ये त्याच्यावर आणि कंपनीवर दोन कोटी डॉलरचा दावा लावला. २०२३ मध्ये तो तडजोडीनं मिटला.

आता मी तुम्हाला शरीराचं थोडं सांगते, कारण इथं आरोग्याचं काम करणाऱ्या बऱ्याच जणी आहेत आणि पळणाऱ्या मुली तुमच्याकडे येणार आहेत.

घरात पीठ कमी पडलं की बाई कुणाच्या ताटातली भाकरी कमी करते? स्वतःच्या. शरीरही तसंच करतं. मुलगी रोज दहा-पंधरा किलोमीटर पळते आणि खाते पाखरासारखी, तेव्हा हृदय, मेंदू, श्वास यांना आधी द्यावं लागतं. जे आजच्या आज जगायला लागत नाही ते शरीर बाजूला ठेवतं. त्यात पहिला नंबर पाळीचा. मेंदूकडून बीजकोशांना जाणारी सूचना मंदावते, इस्ट्रोजेन कमी होतं. आता इस्ट्रोजेनचं काम नुसतं गर्भाशयापुरतं नाही. आपलं हाड रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं नवं भरतं. ती झीज काबूत ठेवायचं काम इस्ट्रोजेन करतं. ते कमी झालं की झीज वाढते, भर पुरत नाही. त्यात रोज हजारो पावलं त्याच हाडावर आपटतात. मग नडगीला, पावलाला, खुब्याला बारीक चीर जाते. त्यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

कमी खाणं, थांबलेली पाळी आणि ठिसूळ हाडं यांची ही साखळी डॉक्टरांनी १९९२ पासून एका नावाखाली मांडली आहे. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी तिला आणखी व्यापक करून ‘रेड-एस’ म्हटलं, कारण तिचा परिणाम हृदयावर, मनावर, प्रतिकारशक्तीवरही होतो आणि पुरुष खेळाडूही त्यातून सुटत नाहीत. म्हणजे मेरी पोर्टलंडला गेली तेव्हा हे ज्ञान जगात नव्हतं असं नाही.

दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवा. एक, गर्भनिरोधक गोळ्यांनी महिन्याला जो रक्तस्राव होतो ती खरी पाळी नव्हे. गोळी घेणाऱ्या मुलीला वाटतं सगळं ठीक चाललंय, आणि आत हाड झिजत असतं. दोन, हाडाची बहुतेक पुंजी किशोरवयात जमा होते, विशीत ती पुरी होते. सोळाव्या वर्षी बुडालेली पाळी तिसाव्या वर्षी परत आली, तरी त्या वर्षांत जे हाड भरायचं होतं ते सगळं मिळेलच असं नाही. म्हणून ‘विश्रांती घे, दोन महिन्यांनी उभी राहशील’ हे आपण म्हणतो ते अर्धवट आहे. आपण चिरेला मलमपट्टी करतो. चीर का पडली, ते ताट बघत नाही.

आता माझी गोष्ट सांगायलाच हवी.

मी स्वतः ऐंशीच्या दशकात पळायचे. माझीही पाळी जायची, चार-चार महिने. आमच्या सरांना कुणीतरी सांगितलं तर ते म्हणाले, ‘बरंच झालं, कटकट गेली.’ आम्ही हसलो. मला तर अभिमान वाटला, की आपण इतका सराव करतो की शरीरसुद्धा ऐकतं! पुढे मी शिक्षिका झाले. आणि मी काय केलं? क्रीडासाहित्याच्या खोलीत वजनकाटा आणून ठेवला. दर सोमवारी पळणाऱ्या मुलींचं वजन. फळ्यावर खडूनं नाव आणि पुढे किलो. मला ती शिस्त वाटायची. वजन उतरलं की शाबासकी, वाढलं की, ‘काय गं, मामाच्या गावाला गेली होतीस का?’

ज्या मुलीचं मी सुरुवातीला बोलले, ती तीन भाकरींवरून एकीवर आली होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, ‘हिच्याकडून शिका.’ वर्षभर तिची पाळी आली नाही. वसतिगृहाच्या बाईंनी मला सांगितलंही होतं. मी काय म्हटलं माहीत आहे? ‘पळणाऱ्या मुलींचं असं होतं.’ माझ्या सरांचंच वाक्य, फक्त जरा सभ्य करून. त्यानंतर काही महिन्यांतच तिची नडगी तडकली.

मेरीच्या निवेदनात ती म्हणते, की तिच्या संघात प्रशिक्षित मानसोपचार करणारं कुणी नव्हतं, आहारतज्ज्ञ नव्हतं, होते ते कोचचे मित्र, सगळे पुरुष. सत्तेच्या जागी बायका हव्यात असं ती म्हणते. ते मला पटतं. पण मी बाई होते, मैत्रिणींनो. आणि काटा मीच आणला होता. बाई असणं पुरत नाही. पुरुषाची शिट्टी गळ्यात घालून बाई उभी राहिली तर मुलीला काय फरक पडतो?

पूर्वी आमच्यावर वेगळा अन्याय होता. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा आठशे मीटर पळाल्या. काही जणी शर्यत संपल्यावर दमून जमिनीवर टेकल्या, तर वर्तमानपत्रांनी गहजब केला, की बाईच्या शरीराला हे झेपत नाही. ती शर्यत काढून टाकली, ती १९६० पर्यंत परत आली नाही. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ उजाडलं. तेव्हा म्हणायचे, तुझं शरीर नाजूक आहे, पळू नकोस. मग म्हणायला लागले, तुझं शरीर जड आहे, खाऊ नकोस. दोन्ही वेळा बोलणारे दुसरे, आणि शरीर तिचं.

मेरीच्या गोष्टीतला एक भाग मला सगळ्यांत जास्त छळतो. तो इथं समुपदेशन केंद्र चालवणाऱ्या बायकांनी नीट ऐकावा. मेरी बोलली तेव्हा कंपनीनं उलट सांगितलं, की हीच एप्रिल २०१९ मध्ये संघात परत येऊ बघत होती, तेव्हा हिनं यातलं काही काढलं नव्हतं. आणि ते खरं होतं. मेरीनं नाकारलं नाही. तिनं सांगितलं, की कित्येक वर्षं मला जगात एकाच माणसाची शाबासकी हवी होती. तो मला वडिलांसारखा, देवासारखा होता. ज्यानं आपल्याला आतून मोडलं त्याच्याच पसंतीसाठी आपण तळमळतो.

तुमच्या केंद्रात येणारी बाई आठवा. अंगावर वळ असतात आणि म्हणते, ‘मला नांदायचंय, तेवढं त्यांना समजावून सांगा.’ पोलीस ठाण्यात तिला पहिला प्रश्न काय विचारतात? ‘एवढं मारत होता तर परत कशाला गेलीस?’ तो प्रश्न आणि कंपनीचं ते उत्तर, या दोन्हींत मला काही फरक दिसत नाही. तुम्ही तीस-चाळीस वर्षांच्या कामातून शिकलात, की परत जाणं हा छळ झाला नसल्याचा पुरावा नव्हे. उलट तो छळाचाच भाग आहे. ते शहाणपण मैदानावर अजून पोचलेलं नाही. ते पोचवणं तुमचं काम आहे.

म्हणून ‘कोच बदलला की सगळं ठीक होईल’ यावर माझा विश्वास उरला नाही. मेरी २०१५ मध्ये कोच बदलून, गाव बदलून घरी आली. पण डोक्यातला कोच बरोबर आला होता. माझी मुलगी ॲकॅडमीत गेली ती माझा काटा डोक्यात घेऊन गेली. तिथल्या नव्या कोचनं काही वेगळं केलं असतं तरी तिनं भाकरी एकच खाल्ली असती. आणि त्यांनीही वेगळं काही केलं नाही.

आणखी एक नाव घेते. शालेन फ्लॅनगन. अमेरिकेची मोठी धावपटू, २०१७ ची न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकलेली. तीही पोर्टलंडलाच दुसऱ्या संघात सराव करायची. मेरी बोलल्यावर तिनं जाहीर माफी मागितली. तू खचत होतीस ते मला दिसत होतं, आपल्याला काय करायचंय असं स्वतःला समजावून मी गप्प बसले, आता कधी तोंड फिरवणार नाही, अशा अर्थाचं ती बोलली. किती साधी गोष्ट! शेजारच्या घरातून आवाज येतो आणि आपण टीव्ही मोठा करतो, तेच हे.

मग मेरी परत आली का? तुम्हाला उत्सुकता असेलच. घड्याळाच्या हिशेबानं सांगायचं तर नाही. आठशेची आणि पंधराशेची तिची सगळ्यांत चांगली वेळ आजही २०१३ ची आहे. सतराव्या वर्षाची मेरी परत आली नाही. पण २०२० मध्ये ती बॉस्टनच्या एका कंपनीत रीतसर पगारी नोकरी घेऊन पळायला लागली, म्हणजे पोटाची भाकरी पुढच्या शर्यतीवर टांगलेली राहिली नाही. २०२१ मध्ये तिनं ‘अ‍ॅटलँटा न्यूयॉर्क’ नावाचा स्त्री धावपटूंचा संघ काढला, ना-नफा तत्त्वावरचा. त्यातल्या खेळाडू शहरातल्या मुलींना मार्गदर्शनही करायच्या. पुढे तिनं डॉक्टर व्हायचं शिक्षण घ्यायला घेतलं. याला कुणी पुनरागमन म्हणणार नाही. मी म्हणते.

आणि वेगानं परत येताच येत नाही असंही नाही. मॉली सायडल नावाची तिथलीच एक मुलगी. विद्यापीठात एकामागून एक अजिंक्यपदं, आणि आतून खाण्याचा आजार, ठिसूळ झालेली हाडं. २०१६ मध्ये ऑलिंपिकच्या निवडचाचणीची वेळ आली तेव्हा ती चाचणी सोडून उपचाराला गेली. २०१८ मध्ये खुब्याची शस्त्रक्रिया झाली. २०२० मध्ये ती आयुष्यातली पहिली मॅरेथॉन पळाली तीच निवडचाचणीत, आणि दुसरी आली. २०२१ मध्ये ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये तिनं ब्राँझ मिळवलं. लक्षात घ्या, ज्या उन्हाळ्यात सगळे म्हणत असतील ‘आता थांबू नकोस’, त्याच उन्हाळ्यात ती थांबली होती. तिचा आजार मेडल मिळालं म्हणून संपला नाही, तेही तिनं पुढे उघडपणे सांगितलं. मेडल हे काही औषध नव्हे.

आता आपल्या मातीत येऊ. आपल्याकडे लांब पल्ल्याच्या मुली कुठून येतात? कविता राऊत त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची. ललिता बाबर माणदेशातल्या मोहीची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ललिता स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. पी. टी. उषाच्या १९८४ च्या शर्यतीनंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. अशा मुलींकडे बघून पाड्यावरच्या, दुष्काळी गावातल्या पोरी पळायला लागतात. त्यांच्यासाठी पळणं हा छंद नाही. ती रेल्वेतली नोकरी आहे, पोलीस भरती आहे, लग्न दोन वर्षं पुढे ढकलायचं कारण आहे. म्हणून त्या कोचला उलटून बोलत नाहीत. म्हणून दुखतंय असं सांगत नाहीत. सांगितलं तर नाव कापलं जाईल आणि घरी जावं लागेल, आणि घरी पाहुणे बघायला आलेले असतात. मेरीचा करार होता, आपल्या पोरींची भरती आहे. गळ्याभोवतीची दोरी तीच.

तेव्हा तुम्ही काय करायचं? मी पीटीची बाई आहे, नुसतं बोलून सोडणार नाही, काम देऊन जाणार.

पहिलं, आपापल्या तालुक्यातल्या शाळेत, क्रीडा वसतिगृहात, ॲकॅडमीत जा आणि वजनकाटा कुठं ठेवलाय ते बघा. वजन ही दवाखान्यातली, एकटीची गोष्ट आहे. फळ्यावरची नव्हे.

दुसरं, पाळी तीन महिने आली नाही तर मुलीला डॉक्टरकडे न्यायचं, हा नियम मैदानावर लावा. खेळणाऱ्या मुलींसाठी सुद्धा, खरं तर त्यांच्यासाठी आधी. आणि डॉक्टरांनी नुसत्या गोळ्या लिहून दिल्या तर विचारा, ती काय खाते हे तुम्ही विचारलंत का?

तिसरं, दुखापतीनंतर परत कधी पळायचं हे ज्याला मेडल हवंय त्यानं ठरवायचं नाही. डॉक्टर आणि ती मुलगी ठरवतील.

चौथं, कायदा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कामाचं ठिकाण’ म्हणजे फक्त कचेरी नाही. त्यात क्रीडासंस्था, स्टेडियम, स्पर्धेची जागा स्पष्ट लिहिलेली आहे, सराव करणारी मुलगी तिथं राहत असो वा नसो. समिती आहे का, फलक लावलाय का, विचारा. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि त्यात कळल्यावर गप्प बसणाराही गुन्हेगार ठरतो. वजनावरून घालूनपाडून बोलणं या कायद्यांत बसेलच असं नाही. पण जिथं मुलीच्या शरीरावर उघड शेरे चालतात तिथं पुढची पायरी फार लांब नसते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पाचवं, डबा. पळणाऱ्या मुलीला घरात भावाच्या आधी नाही, तर निदान भावाएवढं वाढा. हे आयांना सांगायचं आहे, आणि ते सगळ्यांत अवघड आहे.

आता त्या मुलीचं सांगून संपवते. गेल्या रविवारी मी तिच्या घरी गेले. या खेपेला मी उंबऱ्यात उभी होते. म्हटलं, ‘तू विचारलंस त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं. मला माहीत नाही तू पळशील की नाही. आणि तो फळा, ते वजन, ते माझं चुकलं.’ तिची आई आतून म्हणाली, ‘अहो मॅडम, तुम्ही तिच्या भल्यासाठीच केलं.’ मुलगी काही बोलली नाही. बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं, आपण उठावं.

मग तिनं सांगितलं, की पाळी आठ महिन्यांपासून नियमित येते आहे. नडगी चालताना दुखत नाही. तिला पोलीस भरतीचे आठशे मीटर पळायचे आहेत. मी म्हटलं, आधी हाडाच्या डॉक्टरांना दाखवू, तुझ्या आहाराचं विचारू, ते हो म्हणाले तर एक दिवस चालणं, एक दिवस हलकं पळणं, असं सुरू करू. ती म्हणाली, ‘तुम्ही पण या मैदानावर. पण घड्याळ आणू नका.’

मी घड्याळ न घेता जाणार आहे. आयुष्यात पहिल्यांदा. भरती होईल की नाही मला ठाऊक नाही. पुढच्या शिबिराला मला नाही बोलावलंत तरी चालेल, तिला बोलवा. ती येईल असं वाटतं. आली तर ‘परत पळतेस का’ असं लगेच विचारू नका. आधी तिला जेवायला वाढा.